दोन घरांचं एक मीटर

लोटूआप्पा बडगुजर कुणावर पटकन विश्वास ठेवत नसत, आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. भाजीवाल्याचा काटा ते आधी रिकामा बघायचे. खमणवाल्याने पुडा बांधून दिला की तिथेच दुकानासमोर सोडायचे, चटणी आत आहे याची खात्री करायचे आणि परत बांधून मागायचे. मुलगा कुंदन म्हणायचा, आमचे आप्पा देवळातला प्रसादही उलटा करून बघतात. त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

पण हा स्वभाव काही आईच्या पोटातून आलेला नव्हता. अमळनेरजवळचं गाव सोडून एकोणिसाव्या वर्षी आप्पा सुरतेला आले, उधन्याच्या एका खात्यात मागावर उभे राहिले. खातं म्हणजे मागांची शेड. पगार मीटरवर. दिवसभर कापड विणायचं कारागिराने, आणि ते मोजायचं शेठच्या माणसाने, तेही आतल्या खोलीत दार लोटून. दर ताक्यामागे, म्हणजे कापडाच्या एका गठ्ठ्यामागे, दोन मीटर कमी भरायचं. आप्पांनी एकदा स्वतः हातावर मोजून दिलेला ताकासुद्धा दोन मीटर कमी भरला, तेव्हापासून त्यांनी मनाशी पक्कं केलं की जिथे आपली नजर नाही तिथे आपलं काहीतरी जातंच आहे.

पुढे ते मास्तर झाले, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. तिथे त्यांचं नाव होतं. शेडमधल्या आवाजाने त्यांचे कान चाळिशीतच अर्धे गेले, पण कानांचं काम तळहाताने घेतलं. मागाच्या लोखंडावर उजवा तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं की पिकर ढिला आहे, किंवा बेअरिंग झिजत चाललंय. कधी चूक निघाली नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्यांचा तळहात रिकामा बसत नसे. घरातल्या फ्रिजवर, मिक्सरवर, रिक्षाच्या दांडीवर तो आपोआप जाऊन टेकायचा.

साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसाच्या आयुष्यात एकच जागा अशी होती जिथे ते कधी काही मोजत नव्हते. ती जागा म्हणजे शेजारचे धुडकूनाना सोनवणे.

नाना त्याच खात्यातले, त्याच पाळीतले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दोघांनी मिळून उधन्यात एक लहानसा प्लॉट घेतला आणि मधे एकच भिंत घालून दोन घरं बांधली. पुढे बसायचा ओटला एक, आणि विजेचं मीटरही एकच, कारण तेव्हा दुसऱ्या मीटरला पैसे नव्हते. बिल आलं की दोघं ओटल्यावर बसायचे, एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने निम्मे काढून द्यायचे. नानांची तीन पोरं घरात होती तेव्हाही निम्मे. पोरी लग्न होऊन गेल्या, मुलगा वापीला गेला, नाना आणि त्यांची बायको मंगलाबाई दोघंच उरली, तेव्हाही निम्मे. आप्पांच्या घराची किल्ली नानांच्या दारामागच्या खिळ्याला लटकलेली असायची. आप्पांची बायको तीन महिने दवाखान्यात होती, तेव्हा त्या किल्लीने नाना रोज घर उघडायचे, पाणी भरायचे, देवापुढे दिवा लावायचे आणि डबा घेऊन दवाखान्यात जायचे. ती गेली त्या दिवशी घराला कुलूप कुणी लावलं हे आप्पांना आठवतही नाही. इतका तो माणूस घरातला होता.

आणि मग दिवाळीनंतर माशांची पेटी आली.

कुंदन हजिऱ्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला जातो. त्याचा एक सोबती क्वार्टर सोडून कायमचा गावी निघाला होता, त्याने आपली काचेची पेटी माशांसकट स्वस्तात दिली. कुंदनने ती आपल्या पोरीसाठी, दुसरीतल्या स्नेहासाठी, टेम्पोत घालून आणली. सहा मासे होते, दोन केशरी आणि चार पट्ट्यांचे. पेटीला तीन वायरी होत्या. एक बुडबुडे सोडणाऱ्या पंपाची, एक वरच्या ट्यूबची आणि एक कोपऱ्यात चिकटवलेल्या बोटभर जाड काचेच्या नळीची. त्या नळीत नखाएवढा लाल दिवा होता. तो मधेच लागायचा, मधेच विझायचा. सोबती घाईत होता. त्याने एवढंच सांगितलं की वरची ट्यूब हवी तेव्हा लाव, बाकीचे दोन प्लग लावून ठेव, हात लावू नको. कुंदनने तसंच केलं. लाल दिव्याचं काय, हे त्याने विचारलं नाही. स्नेहाने स्वतःच ठरवलं की माशांना अंधारात भीती वाटते म्हणून तो झीरोचा दिवा आहे, आणि सगळ्या घराने ते मान्य केलं.

आप्पांना पेटी पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. पाणी आणि वीज एका डब्यात कोंडायची, हे कुठल्या शहाण्याचं काम, असं ते म्हणाले. पण दुपारी घरात कुणी नसलं की ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसायचे, हे सून वर्षाने दोनदा पाहिलं होतं.

जानेवारीत बिल आलं. वाचायची पाळी नानांची होती. त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि मोठ्याने, आप्पांना ऐकू जाईल असं, वाचलं.

"तीन हजार दोनशे साठ."

आप्पांनी कागद हातात घेतला. दोन महिन्यांचं बिल चोवीसशेच्या आसपास यायचं. तेही उन्हाळ्यात. आता थंडीचे दिवस, पंखे बंद, आणि बिल वर?

"इतलं कसं उनं?" इतकं कसं आलं, त्यांनी आपल्या गावच्या बोलीत विचारलं.

"यी जास कधी," येतं एखाद्या वेळी, असं नाना म्हणाले, आणि बंडीच्या खिशातून सोळाशे तीस रुपये काढून आप्पांच्या हातावर ठेवले. मग चहा प्यायले, तंबाखू मळली आणि गावाकडच्या कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट सांगायला लागले.

आप्पांचं त्या गुडघ्याकडे लक्ष नव्हतं. आठशे रुपये वाढले आणि हा माणूस कुरकुरला नाही, हे त्यांच्या डोक्यात अडकलं. जो कुरकुर न करता पैसे काढतो त्याला ते कशाचे आहेत हे ठाऊक असतं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नानांकडे तिरक्या नजरेने पाहिलं, आणि एकदा नजर तिरकी झाली की सरळ करायला फार कष्ट पडतात.

तरी आप्पा न्यायी माणूस. आधी त्यांनी स्वतःचं घर तपासलं. तपासायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पस्तीस वर्षं त्यांनी पाहिलं होतं की माग चालतो तेव्हा थरथरतो, थरथरतो तेव्हा वीज खातो, आणि बंद पडला की गप्प होतो. तेव्हा जे थरथरतं ते खातं. त्यांनी फ्रिजवर तळहात ठेवला. खात होता, पण तो जुनाच खाणारा. मग पेटीपाशी आले. पंप हातात धरला तर तो कोंबडीच्या पिलासारखा हातात थरथरत होता, दिवसरात्र, एक क्षण न थांबता. नळीच्या वायरीला हात लावला. ती गार, गप्प.

"हाऊच चोर," आप्पा म्हणाले आणि त्यांनी पंपाचा प्लग उपटला.

संध्याकाळपर्यंत मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. स्नेहा शाळेतून आली आणि रडायला लागली. वर्षा म्हणाली, "आप्पा, त्यांना हवा लागते." आप्पा म्हणाले की तापी नदीत कुणी पंप लावलाय का. दुसऱ्या दिवशी आप्पा तंबाखू आणायला कोपऱ्यावर गेले आणि परत येऊन पेटीला हात लावला तर पंप चालू. त्यांनी बंद केला. ते अंघोळीला गेले, पंप चालू. घरातसुद्धा आपल्या पाठीमागे कामं चालतात, हे त्यांना या निमित्ताने समजलं.

असाच एकदा पंप बंद करून ते पेटीच्या मागे हात घालून वायर गुंडाळत होते, तेव्हा त्यांचा तळहात भिंतीला टेकला. मधल्या भिंतीला. आणि भिंत थरथरत होती.

आप्पांनी डोळे मिटले. बारीक, एकसारखी थरथर. थांबली. पुन्हा सुरू झाली. पंप त्यांच्या हातात मेल्यासारखा पडला होता, म्हणजे ही थरथर पलीकडची. ते तसेच उभे राहिले. अकरा ते एक भिंत चालली, मग जेवणाची सुट्टी, मग तीन ते पाच. खात्याचीच वेळ. नानांच्या दारात साड्यांची गाठोडी घेऊन रिक्षा येते, मंगलाबाई साड्यांना लेस लावून देतात, हे आप्पांना वर्षानुवर्षं माहीत होतं. पण आता ती गाठोडी त्यांना वेगळी दिसायला लागली. काम वाढलंय, गाठोडी मोठी झालीत, म्हणजे शिलाईला मोटर बसवली असणार. आणि मोटरचं निम्मं बिल भरतंय कोण?

तुम्ही म्हणाल, सरळ जाऊन विचारायचं. दार चार पावलांवर. पण आप्पांचं म्हणणं असं की विचारलं तर माणूस सावध होतो. ताका मोजणाऱ्या माणसाला त्यांनी एकदा विचारलं होतं, तर पुढच्या वेळी तीन मीटर कमी भरला.

त्यांनी खात्यातला जुना मार्किंगचा खडू शोधून काढला आणि दाराच्या आतल्या बाजूला मीटरचे आकडे लिहायला सुरुवात केली, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. मीटर ओटल्याच्या नानांकडच्या टोकाला होतं. आप्पा तिथे जाऊन उभे राहिले की नाना आतून विचारायचे, "काय भो, चहा पिवाना का?" आप्पा म्हणायचे, "नको, पित्त झालंय." अठ्ठावीस वर्षांत त्यांना पित्त झालं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी अमळनेरला पुतण्याचं लग्न निघालं. सगळं घर अडीच दिवस बाहेर. आप्पांना लग्नापेक्षा जास्त आनंद या गोष्टीचा झाला की आता पुरावा मिळणार. निघायच्या आधी त्यांनी फ्रिज रिकामा करून बंद केला. पंखे, टीव्ही, पेटीवरची ट्यूब, सगळं बंद. पंप तर आधी. मुख्य खटकाच पाडणार होते, पण स्नेहा आजोबांच्या हाताला लोंबकळली.

"दादा, झीरो लाइट रेवा दो ने. माछलीला डर लागते."

पोरगी शाळेत जाऊन तीन भाषा एका वाक्यात बोलते. आप्पा विरघळले. नखाएवढा तर दिवा, काय खाणार? तो त्यांनी राहू दिला. दारामागे आकडा लिहिला, कुलूप लावलं. पोरगी पळत नानांच्या दारात जाऊन काहीतरी सांगून आली, हे त्यांनी पाहिलं, पण गाडीची वेळ झाली होती.

लग्नात आप्पा मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. अक्षता टाकतानाही त्यांच्या डोक्यात मीटर फिरत होतं. कुणीतरी विचारलं, धुडकूनाना नाही आले का. आप्पा म्हणाले, "त्याले काम शे घरी," आणि असं म्हणाले की विचारणारा दोन पावलं मागे सरला.

रविवारी सकाळी परतले. आप्पा चपला न काढता मीटरकडे गेले. आकडा वाचला, आत येऊन दारामागच्या आकड्याशी लावून पाहिला. अकरा युनिट! आपलं घर बंद, आणि दोन म्हाताऱ्यांच्या घरात अडीच दिवसांत अकरा युनिट. त्यांच्या छातीत एकदम हलकं वाटलं, खरं सांगायचं तर. आपण खोटे ठरलो नाही याचं समाधान फार वाईट असतं, पण ते समाधानच असतं.

मग त्यांचा हात सवयीने पेटीवर गेला. पंप थरथरत होता.

पाच मासे मजेत फिरत होते. एक केशरी नव्हता. पण आप्पांना मासे दिसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केलेला पंप कुणीतरी कुलूप उघडून, घरात शिरून चालू केला होता. का? दोन क्षणांत उत्तर जागेवर बसलं. आपली मोटर लपवायला. उद्या आकड्यावरून बोलाचाली झाली तर बोट दाखवायला, की पंप तर तुझाच चालू होता.

ते बाहेर आले तेव्हा नाना ओटल्यावर बसलेले होते. समोर दोन कप भरून ठेवलेले.

"लोटू, बरं झालं उनात," नाना म्हणाले. "तुनी ती पेटी..."

"मना घरमा कोन शिरनं व्हतं?" आप्पांनी मधेच तोडलं. कान गेलेल्या माणसाचा आवाज मुळात मोठा. समोरच्या घरातली बाई खिडकीत आली.

"मीच," नाना म्हणाले. "पोरीनी सांगं व्हतं, मासासले दाना टाकज्यात म्हनीसन."

"आन पंप?"

"मीच चालू करा. मासा मरी राह्यनात. एक त मरीच गया."

"दिनभर तुनी मोटर चालस," आप्पा म्हणाले, "आन पंप मना चालू करी ठेवस. बिल मना नावे पडाले पाहिजे ना!"

"कसानी मोटर?"

"मले भिंत सांगस."

नानांनी आप्पांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. राग असता तर आप्पांना बरं वाटलं असतं, भांडायला माणूस मिळाला असता. नाना उठले, आत गेले, दारामागच्या खिळ्यावरून किल्ली काढून आणली आणि ओटल्यावर, दोन कपांच्या मधे ठेवली.

"मीटर येगळं करी लिऊत," ते म्हणाले. मग दोन्ही कप उचलून आत घेऊन गेले.

वर्षा दारात उभी होती. तिने किल्ली उचलली नाही, कुंदननेही नाही. ती आप्पांनाच उचलावी लागली.

नानांनी अर्ज केला, पंधरा दिवसांत दुसरं मीटर बसलं. दोन मीटरं शेजारी शेजारी, एकाच फळीवर. मधल्या त्या दिवसांत नाना ओटल्यावर बसले नाहीत. मंगलाबाई धुणं वाळत घालायला बाहेर आल्या की मान खाली घालून काम उरकायच्या. स्नेहा मात्र दोन्ही घरांत जात राहिली. तिला कुणी अडवलं नाही, पण ती परत आली की आप्पा विचारायचे, काय करत होते, काय म्हणत होते. ती म्हणायची, "काही नाही, बोर खात होते."

आप्पांना वाटलं होतं, आता आपलं मीटर हळू होईल आणि नानांचं धावेल. ते रोज सकाळी दोन्ही आकडे लिहायला लागले. दहा दिवसांनी दारामागे असं दिसत होतं: नानांचे एकोणीस युनिट, आप्पांचे अठ्ठावन्न.

माणसाने इथे तरी थांबावं. पण संशयाची चाकोरी अशी घट्ट असते की उलटा पुरावासुद्धा तिच्यातूनच धावतो. आप्पांनी ठरवलं, नवं मीटर हळू आहे. नाहीतर नानाने आपल्या वायरीतून आतून एक तार ओढली आहे. ते वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या मुलीने कागद पाहिला, संगणकात पाहिलं आणि गोडीने म्हणाली, "काका, मीटर तो बराबर छे. घरमां जुओ, शुं चाले छे." घरात काय चालतंय ते बघा. आप्पांना ते फार लागलं. आपण दोन महिने घरातच तर बघत होतो.

शेवटी त्यांनी हिलाल वायरमनला बोलावलं. हिलाल त्यांच्याच खात्यात वायरिंग करायचा, मास्तरांच्या हाताखालून गेलेला. आप्पांनी त्याला दारामागचे आकडे दाखवले, भिंतीची हकीगत सांगितली, मग आवाज आपल्या परीने बारीक करून म्हणाले, "आतून तार ओढेल शे का, ते देख."

हिलालने तार शोधली नाही. त्याने आप्पांना मीटरपाशी उभं केलं. मीटरवर एक बारीक दिवा लुकलुकत असतो. वीज जास्त गेली की तो घाईने लुकलुकतो, कमी गेली की सावकाश. "तुम्ही दिव्याकडे बघा," हिलाल मोठ्याने म्हणाला, "मी एकेक बंद करतो." फ्रिज बंद केला, दिवा जरा मंदावला. पंखा, टीव्ही, पंप. पंप काढला तेव्हा दिव्याला पत्ताच लागला नाही. सगळं घर बंद झालं, तरी दिवा लुकलुकतच होता, तुरुतुरु.

"देख," आप्पा म्हणाले. त्यांच्या गळ्यात विजय होता. "मना घरमा आते काहीच चालू नही. मंग वीज कोन खास?"

आतून हिलालचा आवाज आला. "आता बघा."

दिवा थांबला. आप्पा वाट बघत राहिले. तो लुकलुकला नाही.

ते आत आले. हिलालच्या हातात त्या काचेच्या नळीचा प्लग होता, आणि दुसऱ्या हाताची बोटं पेटीच्या पाण्यात बुडलेली होती.

"मास्तर," तो म्हणाला, "मासा शिजाडाले ठेवात का?"

मग त्याने समजावून सांगितलं. हा दिवा नाही. हा हीटर आहे, अंघोळीच्या पाण्यात टाकतो त्या रॉडचा धाकटा भाऊ. शंभर वॉटचा. लाल दिवा लागला म्हणजे तापतोय, विझला म्हणजे थांबलाय. वरची कळ कुणीतरी टोकाला फिरवून ठेवलीय, म्हणून थंडीत हा जवळजवळ थांबतच नाही. सुरतेच्या हवेत याची गरजही फारशी नाही. आणि पंप? तो तीन वॉटचा. महिनाभर चालला तरी एका वडापावाच्या पैशांत.

"पन हाऊ थरथरत नही," आप्पा म्हणाले.

"तवा थरथरतो का, मास्तर?"

वर्षा दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. आप्पांनी तळहात पेटीच्या काचेवर ठेवला, पहिल्यांदाच थरथर शोधायला नाही. काच कोमट होती. पेटी आल्यापासून कोमटच असणार. त्यांच्या घट्टे पडलेल्या हाताला ते कधी कळलं नव्हतं, कारण त्यांनी हाताला ते विचारलंच नव्हतं.

हिलाल चहा पिऊन गेला. आप्पा खुर्चीवर बसून राहिले. आठशे रुपयांतले चारशे धुडकूने भरले, हे आधी डोक्यात आलं, आणि ते आल्याचीच लाज वाटली. पैशांचं नाव तरी कसं काढावं? मग एकेक आठवत गेलं. दोन भरलेले कप. "तुनी ती पेटी" म्हणून सुरू झालेलं आणि तिथेच तुटलेलं वाक्य. खिळ्यावरून किल्ली काढताना लागलेला वेळ. ते उठले, देवघराच्या फळीवरून किल्ली घेतली आणि बाहेर पडले.

नानांचं दार उघडं होतं. मंगलाबाई शिलाई मशीनवर बसल्या होत्या, मशीन मधल्या भिंतीला लागून. आप्पा उंबऱ्यावर थांबले आणि बघत राहिले. मंगलाबाईंचे पाय खाली लोखंडी पायट्यावर एका लयीत हलत होते. चाक फिरत होतं, भिंत थरथरत होती. मशीनला वायरच नव्हती.

त्यांनी मशीन थांबवलं नाही. लेस सरळ करत, वर न बघता म्हणाल्या, "या, लोटूभाऊ. मोटर देखाले उनात का?"

आप्पा चपला काढून उंबऱ्याच्या आत आले.

"आम्ही पाच जन व्हतूत तवय तुम्ही निम्मं भरं," मंगलाबाई म्हणाल्या. "तुम्ही चार जन, आम्ही दोन, तवय आम्ही भरं. मी यासले कधी म्हनं नही. यासनी मले कधी म्हनं नही."

नाना आतून आले. हातात टॉवेल होता. आप्पांकडे पाहून ते कॉटवर बसले, आणि बाजूला सरकले नाहीत.

"हीटर व्हता," आप्पा म्हणाले. "पेटीमा."

"हाव."

"तुले माहीत व्हतं?"

"दाना टाकाना तवय हात पानीमा गया. ऊन ऊन लागनं." नाना टॉवेलची घडी घालत होते. "तेच सांगाले बठेल व्हतू."

"मंग सांगं काबर नही? नंतर तरी?"

"तू इचारं नही," नाना म्हणाले. "तू मोजाले बठना."

मशीन थांबलं. ओटल्यावर स्नेहा कुणाला तरी हाका मारत होती. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण पुसायला हात वर करावा लागला असता आणि हातात किल्ली होती. चुकलं, असं ते म्हणाले. आपल्या आवाजात म्हणाले, म्हणजे समोरच्या खिडकीतल्या बाईलाही ऐकू गेलं असणार. ते बरंच झालं, कारण पहिलं बोलणंही तिने ऐकलं होतं.

नानांनी किल्लीसाठी हात पुढे केला नाही. "मीटर आते येगळंच ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले.

दारामागचा खिळा रिकामा होता. त्याच्याखाली भिंतीच्या चुन्यावर किल्लीच्या आकाराचा काळा डाग होता, अठ्ठावीस वर्षं घासून पडलेला. आप्पांनी स्वतःच किल्ली त्या खिळ्याला लावली. ती डागावर बरोबर बसली. नानांनी पाहिलं, हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मंगलाबाई चहा ठेवायला उठल्या.

आता उन्हाळा लागलाय. हीटर कपाटावर पडून आहे, पाच मासे धडधाकट आहेत, आणि पंपाला हात लावायची आप्पांना घरात मनाई आहे. दारामागचे आकडे वर्षाने ओल्या फडक्याने पुसून टाकले. नाना ओटल्यावर बसतात, चहा होतो, गुडघ्याच्या गोष्टी होतात. पण किल्लीबद्दल ते अजून एक शब्द बोललेले नाहीत. आप्पा रोज सकाळी उठतात, चपला घालतात आणि काहीतरी निमित्त काढून नानांच्या दारावरून जातात. मान जराशी आत वळवून बघतात, किल्ली खिळ्यावर आहे ना. असते. तरी दुसऱ्या दिवशी त्यांना परत बघावंसं वाटतं.